कॅथलिक चर्च आणि लोकशाही

ख्रिस्ती धर्म लोकशाहीच्या उदयाला पोषक ठरला की मारक, हा वाद युरोपात दोन शतके चालू आहे. रोमन कॅथलिक चर्चच्या बाबतीत तो विशेष टोकदार होतो, कारण ज्या संस्थेच्या प्रमुखाने १८३२ मध्ये वृत्तपत्रस्वातंत्र्याचा आणि सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा धिक्कार केला, त्याच संस्थेच्या फिलिपिन्समधील मनिला येथील कार्डिनलने १९८६ मध्ये हुकूमशहाच्या रणगाड्यांसमोर लोकांना रस्त्यावर उतरण्याचे आवाहन केले. शुभवर्तमान दोन्ही वेळी तेच होते. चर्चचे राजसत्तेशी असलेले नाते मात्र या दीडशे वर्षांत पार पालटले होते, आणि या प्रश्नाचे उत्तर धर्मग्रंथापेक्षा त्या नात्यातच अधिक सापडते.

ग्रंथाधारे कोणतीही बाजू मांडता येते. प्रत्येक सत्ता देवाने नेमलेली आहे, हे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील वचन राजांच्या दैवी अधिकारासाठी शतकानुशतके वापरले गेले; उलट माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, हे प्रेषितांच्या कृत्यांतील उत्तर प्रतिकार करणाऱ्यांच्या कामी आले. ‘कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला’ या वचनाचा परिणाम मात्र अधिक खोल झाला. पोप जिलेशियस पहिला याने ४९४ मध्ये सम्राटाला लिहिलेल्या पत्रात धर्मसत्ता आणि राजसत्ता या दोन वेगळ्या सत्ता असल्याचे मांडले, आणि बिशपांची नेमणूक कोणी करावी या वादात १०७७ मध्ये जर्मन राजा हेन्री चौथा याला कानोसाच्या किल्ल्याबाहेर पोप ग्रेगरी सातवा याची क्षमा मागत उभे राहावे लागले. ग्रेगरीला लोकशाहीशी काही देणेघेणे नव्हते. तथापि राजाला आव्हान देऊ शकणारी दुसरी संघटित सत्ता अस्तित्वात असणे, ही गोष्ट पुढे मर्यादित राज्यसंस्थेच्या कल्पनेला उपकारक ठरली.

मध्ययुगीन चर्चकडून संसदीय पद्धतीला मिळालेली देणगी तत्त्वज्ञानापेक्षा कार्यपद्धतीची आहे. मठाधिपतीची निवड मठवासी करीत. पोपच्या निवडीसाठी ११७९ पासून कार्डिनलांच्या दोनतृतीयांश मतांची अट आली, जरी निवडून आलेला पोप नंतर कोणालाही उत्तरदायी नसे. ‘जे सर्वांना लागू होते ते सर्वांच्या संमतीने ठरावे’ हे सूत्र मुळात रोमन कायद्यातील पालकत्वासंबंधीचे होते. चर्चच्या कायदेपंडितांनी ते सार्वजनिक निर्णयांपर्यंत ताणले आणि इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला याने १२९५ च्या संसदेसाठी बिशपांना धाडलेल्या आमंत्रणात ते उद्धृत केले. चर्चची दुहेरी भूमिका राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या इंग्लिश सनदेच्या इतिहासात एकाच वर्षात दिसते. १२१५ मध्ये सरदारांच्या मागण्यांना आकार देण्यात कँटरबरीचा आर्चबिशप स्टीफन लँगटन याचा मोठा वाटा होता, आणि अवघ्या दहा आठवड्यांत ती सनद रद्दबातल ठरवली ती पोप इनोसंट तिसरा यानेच. कारण राजा जॉनने आपले राज्य पोपच्या चरणी अर्पण करून त्याचे मांडलिकत्व पत्करले होते.

आधुनिक लोकशाहीशी चर्चची गाठ पडली ती फ्रेंच राज्यक्रांतीत. जून १७८९ मध्ये खेड्यापाड्यांतील गरीब धर्मगुरू आपला वर्ग सोडून सामान्य जनतेच्या तिसऱ्या वर्गाला जाऊन मिळाले नसते, तर राष्ट्रीय सभेचे पाऊल इतक्या सहज पडले नसते. परंतु पुढच्याच वर्षी सभेने धर्मगुरूंची आणि बिशपांची निवड मतदारांवर सोपवली, त्यांच्याकडून राज्यघटनेशी निष्ठेची शपथ मागितली, आणि धर्मगुरूवर्ग उभा दुभंगला. त्यानंतरच्या हत्या आणि हद्दपाऱ्या यांच्या आठवणीने रोमचे पुढील शतक झाकोळले गेले. लोकसत्ता म्हणजे चर्चचा नाश, हे समीकरण तेथे रुजले. त्याला अनुभवाचा आधार होता, हे मान्य करावे लागते.

रोम असे भयभीत असताना युरोपच्या कडेला वेगळेच घडत होते. आयर्लंडमध्ये कॅथलिक हे बहुसंख्य असूनही अधिकारवंचित होते. डॅनियल ओकॉनेल याने १८२३ मध्ये कॅथलिक असोसिएशन स्थापन केली आणि महिना एक पेनी ही वर्गणी गावोगावच्या धर्मगुरूंमार्फत गोळा करून गरीब शेतकऱ्यांची जनसंघटना उभी केली. आधुनिक जनआंदोलनाचे तंत्र पॅरिशमधून, म्हणजे गावच्या धर्मगुरूच्या हद्दीतून, आले असे म्हणणे त्यामुळे वावगे ठरत नाही. १८२९ मध्ये कॅथलिकांना संसद खुली झाली, पण त्याच वर्षी आयर्लंडमधील ग्रामीण मतदाराची मालमत्तेची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यात आली, आणि ज्यांच्या जोरावर लढा जिंकला त्या कुळांचाच मताधिकार गेला. बेल्जियममध्ये कॅथलिक व उदारमतवादी यांनी मिळून १८३० ची क्रांती केली आणि १८३१ च्या घटनेत धर्म, शिक्षण व वृत्तपत्रे यांचे स्वातंत्र्य नोंदवले. पुढच्याच वर्षी पोप ग्रेगरी सोळावा याने नेमक्या याच स्वातंत्र्यांना वेडाचार ठरवले. बेल्जियन कॅथलिकांनी ते ऐकून घेतले आणि आपली घटना तशीच ठेवली.

पायस नववा याने १८६४ मध्ये काढलेल्या प्रमादसूचीत, म्हणजे चुकीच्या ठरवलेल्या मतांच्या यादीत, पोपने उदारमतवाद आणि आधुनिक सभ्यता यांच्याशी समेट करावा, हे विधानही प्रमाद म्हणून नोंदले गेले. १८७० मध्ये इटलीने रोम जिंकल्यावर श्रद्धावान इटालियन कॅथलिकांनी संसदीय निवडणुकीत मतदार वा उमेदवार होऊ नये, ही बंदी कायम राहिली आणि ती पुरती उठायला १९१९ साल उजाडले. त्याच साली लुइजी स्तुर्झो या धर्मगुरूने लोकपक्ष काढला. मुसोलिनीशी तडजोड करू पाहणाऱ्या व्हॅटिकनला तो अडचणीचा वाटू लागला आणि १९२४ मध्ये स्तुर्झोला देश सोडावा लागला. जर्मनीत कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने मत दिले, आणि जुलैमध्ये व्हॅटिकनने त्याच सरकारशी करार केला. शाळा आणि संस्था वाचवण्यासाठी लोकशाहीचा बळी देण्याचा हा हिशेब चुकीचा ठरला.

दुसऱ्या महायुद्धाने मत पालटले. पायस बारावा याने १९४४ च्या नाताळ संदेशात लोकशाहीबद्दल प्रथमच सावध अनुकूलता दाखवली, आणि युद्धोत्तर पश्चिम युरोपची घडी बसवणारे जर्मनीचे आडेनाउअर, इटलीचे दे गास्पेरी व फ्रान्सचे शूमान हे तिघेही कॅथलिक होते. सिद्धान्ताच्या पातळीवरील बदल मात्र ७ डिसेंबर १९६५ रोजी झाला. त्या दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क असल्याचे २,३०८ विरुद्ध ७० मतांनी जाहीर केले. या जाहीरनाम्यामागे जेझुइट संघाचा अमेरिकन धर्मगुरू जॉन कोर्टनी मरी याचे विचार होते, आणि दशकभरापूर्वी याच विचारांसाठी त्याला गप्प बसवण्यात आले होते.

१९७४ नंतर लोकशाहीकडे वळलेल्या देशांत पोर्तुगाल, स्पेन, ब्राझील, फिलिपिन्स, पोलंड अशी कॅथलिक राष्ट्रांचीच गर्दी आहे. तथापि चर्चची भूमिका सर्वत्र सारखी नव्हती. चिलीत कार्डिनल राऊल सिल्वा एन्रिकेस याने १९७६ मध्ये लष्करी हुकूमशहा पिनोचेच्या बळींना कायदेशीर मदत देणारी संस्था चर्चच्या छत्राखाली उभारली, तर शेजारच्या अर्जेंटिनात त्याच काळात बहुतेक बिशप लष्करी राजवटीपुढे मूक राहिले, जरी तेथील काही धर्मगुरू स्वतः तिचे बळी ठरले. चिलीत चर्च आणि राज्य १९२५ मध्येच विभक्त झाले होते, उलट अर्जेंटिनाच्या घटनेचे दुसरे कलम कॅथलिक उपासनेला आधार देण्यास सरकारला बांधील करते. हा फरक एकमेव कारण नसला तरी दुर्लक्षिण्याजोगा नाही.

सत्तेच्या दावणीला बांधलेल्या चर्चचे जुने उदाहरण गोव्यात सापडते. तेथे बिशप नेमण्याचा अधिकार पोर्तुगीज राजाकडे होता आणि १५६० मध्ये आलेले इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचा तपास करणारे धर्मन्यायालय, १८१२ पर्यंत टिकले. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १७८७ च्या पिंटो कटात वरिष्ठ पदे नाकारलेले गोमंतकीय धर्मगुरू आघाडीवर होते. त्याला लोकशाहीचे बंड म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण गाऱ्हाणे समान हक्काचेच होते. स्वतंत्र भारतात कॅथलिक अल्पसंख्य होते आणि त्यांच्या हाती कोणतीही राजसत्ता नव्हती. संविधान सभेत जेरोम डिसूझा हे जेझुइट धर्मगुरू सदस्य होते, ख्रिस्ती प्रतिनिधींनी स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह सोडला, आणि अनुच्छेद २५ मध्ये धर्माच्या आचरणाबरोबर प्रसाराचाही हक्क सर्वांसाठी नोंदला गेला. तो १९५० मध्ये अमलात आला तेव्हा रोमने असे स्वातंत्र्य तत्त्व म्हणून मान्य करायला अजून पंधरा वर्षे होती.