बेबी बॅक आणि स्पेअर रिब्ज: दिसायला बहिणी, पण वेळ वेगळा

कॅन्ससला आल्यावर पहिल्याच फोर्थ जुलैला मी दुकानातून बेबी बॅक रिब्ज, म्हणजे डुकराच्या बरगड्या, आणल्या आणि शेजारच्या आजोबांनी सांगितलेलं ३-२-१ डोळे झाकून केलं, म्हणजे ३ तास धूर, २ तास फॉइलमध्ये गुंडाळून, १ तास सॉस लावून. काय झालं असेल? उचलायला गेले तर नुसती हाडं हातात, मांस खाली जाळीवर, आणि तोंडात गेलं ते भुस्कट. आजोबा म्हणाले, अहो ते स्पेअरचं गणित होतं!

तर आधी नावाचा घोळ. बेबी म्हणजे पिल्लाच्या नाहीत हां, त्याच मोठ्या डुकराच्या बरगड्या, फक्त वरच्या, पाठीच्या कण्याजवळच्या, आखूड आणि वाकलेल्या. त्याच बरगड्या खाली पोटाकडे उतरतात, तिथे त्या लांब, चपट्या आणि चरबीदार, त्या स्पेअर. आपल्याकडे खाटकाला चापीचे पीस वेगळे आणि सिन्याचे वेगळे सांगतो ना, साधारण तसंच. सेंट लुईस कट म्हणून जे मिळतं ते वेगळं काही नाही, स्पेअरचंच खालचं कुरकुरीत हाड कापून चौकोनी केलेलं.

आता चरबी आणि चिवट धागे जास्त असले की ते विरघळायला वेळ लागतो, म्हणून २२५ फॅरनहाइटला स्पेअरला ६ तास लागतात आणि बेबी बॅक साडेचार-पाचात होतात, फॉइलमधला वेळही त्यांना कमीच द्यायचा. पण घड्याळावर फार जाऊ नका, चिमट्याने बरगड्यांचा अखंड पट्टा मधोमध उचला, तो छान वाकला आणि वरच्या मांसाला चीर पडायला लागली की झालं. हाडावरून आपोआप गळून पडणं ही काही चांगल्या रिब्जची खूण नाही, कितीही लोक तसं म्हणोत, बार्बेक्यूच्या स्पर्धेत त्याला जास्त शिजलेलंच म्हणतात.

दोन्हीला मागची पांढरी पातळ पापुद्र्यासारखी साल मात्र काढायचीच, सुरीच्या टोकाने एक कोपरा सोडवायचा आणि पेपर टॉवेलने पकडून ओढायचं, नुसत्या हाताने सटकते. सॉस शेवटीच, कारण कॅन्सस सिटीचा सॉस टोमॅटो आणि मळीचा, गोड, आधी लावला की करपून कोळसा. टेनेसीतल्या मेंफिस शहरात तर बरेच जण नुसता कोरडा मसालाच चोळतात.

मला विचाराल तर पैसे आणि चव दोन्ही बघून स्पेअर घ्या, बेबी बॅक घाई असेल तेव्हा. आजोबांच्या आईपासून त्यांच्याकडे स्पेअरच, तेव्हा स्वस्त म्हणून, आता सवय म्हणून. आणि कापलेले ते कुरकुरीत तुकडे टाकत नाहीत, बाजूला भाजतात आणि पट्टा व्हायच्या आधी पोरांना देतात, आमच्याकडे मटण शिजेपर्यंत आजी कलेजी तव्यावर परतून द्यायची तसंच अगदी, मीठ-तिखट लावून, उभ्याउभ्या, ताट न घेता.