ध्रुवीय डेटा व्यवस्थापन (आंतरराष्ट्रीय समन्वय)

अंटार्क्टिका, आर्क्टिक आणि त्यांच्या भोवतीच्या समुद्रांत घेतलेली मोजमापे व गोळा केलेले नमुने एका देशाच्या दप्तरातून दुसऱ्या देशाच्या कामी यावेत, म्हणून देशोदेशींच्या संस्थांनी आपसांत ठरवलेली पद्धत. कोकण किनाऱ्यावर या कामाची दोन ठिकाणे आहेत. गोव्यात मुरगाव बंदराशेजारी, हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे (सडा म्हणजे जांभ्याचा उघडा माळ). दुसरे ठिकाण पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. तिची वेधशाळा अलिबागला आहे.

डेटा देणे ही अंटार्क्टिकापुरती तरी कराराची अट आहे. १ डिसेंबर १९५९ रोजी सह्या झालेल्या अंटार्क्टिक कराराच्या तिसऱ्या कलमात, तिथली निरीक्षणे व निष्कर्ष यांची देवाणघेवाण व्हावी आणि ते सर्वांना मोकळेपणाने मिळावेत, असे म्हटले आहे. मात्र ‘जास्तीत जास्त शक्य व व्यवहार्य असेल तितके’ ही पळवाटही त्याच कलमात आहे. भारताने १९ ऑगस्ट १९८३ रोजी करार स्वीकारला. आर्क्टिकला सगळ्या देशांचा असा करार नाही, तिथल्या आठ देशांचा २०१७ चा विज्ञान-सहकार्य करार तेवढा आहे. तिथला समन्वय बहुतांशी संस्थांच्या राजीखुशीवर चालतो.

अंटार्क्टिकाची वैज्ञानिक समिती ‘स्कार’ १९५८ पासून काम करते. तिच्या डेटाविषयक स्थायी समितीत सदस्य देशांच्या राष्ट्रीय डेटा केंद्रांचे प्रतिनिधी बसतात. भारताचे केंद्र सड्यावर आहे. आर्क्टिकसाठी अशीच समिती २०१४ मध्ये स्थापन झाली. यांपैकी कोणाच्याही हातात दंडुका नाही. डेटा न देणाऱ्याला फार तर आठवण करून देता येते.

सगळा डेटा एका जागी आणायचा, असा या समन्वयाचा अर्थ नाही. आकडे आपापल्या केंद्रातच राहतात. फिरते ते त्यांचे वर्णन, म्हणजे मेटाडेटा: कोणी, कुठे, केव्हा, कोणत्या उपकरणाने, कोणत्या एककात मोजले आणि मागायचे कोणाकडे. केंद्रे ही वर्णने ठरलेल्या साच्यात लिहितात, शोधयंत्रणा ती उचलून एकत्र दाखवतात. मालवणच्या एखाद्या रापणकराने (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराने) वहीत ‘सात वाव, भांगाच्या दिवशी’ असे लिहिले, तर गावात ते सगळ्यांना कळते (वाव हे खोलीचे माप, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी भरती-ओहोटी). ऑस्लोत बसलेल्याला मात्र वाव म्हणजे किती आणि भांग कोणत्या तारखेचा, हे सोबत लिहून द्यावे लागते. आकडा तोच, पण वर्णनावाचून तो परगावी चालत नाही.

प्रत्यक्षात चुका होतात त्या साध्या जागी. अंटार्क्टिकातला भारताचा मैत्री तळ ७०°४५′ दक्षिण, ११°४४′ पूर्व येथे आहे. दक्षिण अक्षांश आकड्यात वजा चिन्हाने लिहितात. अक्षांशापुढचे वजा चिन्ह गळाले की मैत्री नॉर्वेच्या पश्चिमेला समुद्रात जाऊन पडते. चिन्ह राहिले, पण अक्षांश-रेखांशाचे स्तंभ उलटे झाले, तर ती व्हेनेझुएलाच्या आखातात सापडते. म्हणून डेटा स्वीकारताना पहिले काम म्हणजे सगळे बिंदू नकाशावर टाकून पाहणे. पाच मिनिटे लागतात आणि निम्मा घोटाळा तिथेच कळतो.

वेळेचेही तसेच. १ जानेवारीला पहाटे ४ वाजता भारतीय वेळेनुसार केलेली नोंद जागतिक वेळेत आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला, २२:३० ला जाते. वार्षिक सरासरी काढणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर नोंद भलत्याच वर्षात मोजली जाते.

सर्वांत फसवी चूक गाळलेल्या नोंदींची आहे. वाचन मिळाले नाही की तिथे -९९ लिहायची जुनी सवय आहे. कोकणात उणे नव्याण्णव अंश पाहून कोणीही हसेल. पण अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक या रशियन तळावर २१ जुलै १९८३ रोजी -८९.२ अंश सेल्सिअस नोंदले गेले आहे आणि तिथल्या पठारावरच्या बर्फाच्या पृष्ठभागाचे उपग्रहांनी मोजलेले तापमान -९८ च्या आसपास जाते. तेव्हा तिथे -९९ खरेच वाटते. -९९९९ लिहावे, किंवा जागा रिकामी ठेवून तसे वर्णनात नोंदवावे.

ध्रुवाजवळ शोधाची चौकटही (अक्षांश-रेखांशांच्या हद्दी देऊन आखलेला भाग) दगा देते. रेखावृत्ते तिथे एका बिंदूत मिळतात आणि १८० अंशांची रेषा ओलांडणारी चौकट यंत्रणेला कधी रिकामी, तर कधी पृथ्वीभर पसरलेली दिसते. त्यामुळे ध्रुवीय केंद्रे ध्रुव मध्यभागी धरलेले नकाशा-प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची रीत) वापरतात.

मूळ नोंदींना हात लावायचा नाही. दुरुस्ती प्रतीवर करायची आणि काय बदलले ते लिहायचे. उपकरण किंवा जागा बदलताना जुने-नवे काही काळ सोबत चालवायचे, नाहीतर आकड्यातली उडी निसर्गाची की यंत्राची, ते नंतर सांगता येत नाही. याचा उत्तम नमुना अलिबागचा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने चुंबकीय मोजमापे बिघडणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये तिथे नेली, पण १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी नोंदी चालू ठेवल्या. म्हणून ती मालिका आजही सलग वापरता येते. कुलाब्याच्या जुन्या कागदांवर सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची नोंद होती. २००३ मध्ये संशोधकांनी ती पुन्हा तपासली, तेव्हा चुंबकीय क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) घट दिसली. ती लिहिणाऱ्याला अवकाश हवामान हा शब्दही माहीत नव्हता.

याउलट, पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात (१८८२-८३) प्रत्येक देशाने आपापले खंड स्वतंत्र छापले आणि एकत्रित अभ्यास फारसा झाला नाही. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात जागतिक डेटा केंद्रे उभी राहिली, तेव्हा नोंदींच्या प्रती अमेरिका, सोव्हिएत संघ व इतर देशांत विभागून ठेवण्यात आल्या. पुढचे ध्रुवीय वर्ष २०३२-३३ ला ठरले आहे.

साठवणीत कोकणाची अडचण पावसाळा. दमट हवा, विजेचा लपंडाव आणि कडाडणारे जून-सप्टेंबर लक्षात घेऊन किमान तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक किनाऱ्यापासून दूर ठेवावी. प्रत शाबूत आहे का, हे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून दरवर्षी पाहावे. वर्णनात संपर्कासाठी संस्थेचा कायमचा पत्ता द्यावा. संशोधक विद्यार्थ्याचा ई-मेल दिला, तर तो पीएचडी होऊन गेला की पत्र परत येते.