प्लाझ्मा टीव्ही घेताना आधी काळा रंग बघा

“प्लाझ्मा घेऊ नका, त्यातला गॅस दोन-तीन वर्षांत संपतो आणि परत भरावा लागतो.” हा सल्ला आजही ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे. एसीत, फ्रिजमध्ये गॅस भरताना आपण पाहिलेलं असतं, म्हणून तो चटकन पटतो. त्या यंत्रांत गॅस नळ्यांतून सतत फिरत असतो आणि सांधे सैल पडले की गळतो. प्लाझ्मा पॅनलचं तसं नाही. त्याच्या दोन काचांच्या कडा काचेची पूड भट्टीत वितळवून कायमच्या बंद केलेल्या असतात. आतला वायू म्हणजे निऑन आणि झेनॉन यांचं मिश्रण. दोन्ही निष्क्रिय वायू, त्यामुळे ते जळून संपण्याचाही प्रश्न नाही. गॅस भरून देतो म्हणणारा कोणी भेटला, तर त्याच्या हातात टीव्ही देऊ नये.

नवा प्लाझ्मा आता मिळत नाही. पायोनियरने २००९ मध्येच माघार जाहीर केली, पॅनासोनिकने २०१३ च्या अखेरीस उत्पादन थांबवलं आणि सॅमसंग, एलजी २०१४ च्या अखेरीस बाहेर पडले. तरीही ४२ आणि ५० इंची हाय डेफिनिशन संच जुन्या मालाच्या बाजारात फिरत असतात आणि रात्री दिवे मालवून सिनेमा बघणारे काही जण ते मुद्दाम शोधतात. जाहिरातींतले आकडे मात्र जुनेच आहेत: ६०० हर्ट्झ, २०,००,०००:१ कॉन्ट्रास्ट (सर्वात पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते), फुल एचडी (१९२० गुणिले १०८० पिक्सेल). हे आकडे सुटे सुटे पाठ करण्यात अर्थ नाही. प्लाझ्माचे गुण आणि दोष बहुतेक एकाच गोष्टीतून निघतात. त्याचा प्रत्येक कप्पा एक तर पेटलेला असतो नाही तर विझलेला, अर्धा पेटणं त्याला जमतच नाही. हे नीट समजलं की विक्रेत्याला काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

आधी कप्पा म्हणजे काय ते पाहू. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की अतिनील किरण निघतात आणि नळीच्या आतला पांढरा लेप त्यांचं दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. प्लाझ्मा टीव्हीत तत्त्व तेच, फक्त पाऱ्याच्या जागी झेनॉन. उत्तेजित झेनॉन मुख्यतः १४७ आणि १७३ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडतो आणि कप्प्याच्या तळाशी असलेला लाल, हिरवा किंवा निळा फॉस्फर, म्हणजे तसाच प्रकाश देणारा लेप, त्यामुळे उजळतो. असे तीन कप्पे मिळून एक पिक्सेल होतो. १९२० गुणिले १०८० पिक्सेलच्या पडद्यात ६२,२०,८०० कप्पे असतात, प्रत्येक केसाच्या काही पट रुंदीचा.

अतिनील शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. इतक्या आखूड तरंगलांबीचे किरण साध्या काचेतून बाहेर येत नाहीत, आणि समजा आले असते तरी हवेतल्या ऑक्सिजनने ते वाटेतच शोषले असते. तेव्हा टीव्हीच्या कोपऱ्यात चिकटवायच्या ‘रेडिएशन शोषणाऱ्या’ चकत्यांवर पैसे घालवू नका. जे किरण नाहीतच ते शोषणार काय? झेनॉनमधून अवरक्त किरण मात्र खरोखर निघतात. समोरची गाळणीची काच ते अडवते, पण थोडे निसटले तर सेट टॉप बॉक्सचा रिमोट अडखळतो. रिमोटही अवरक्त किरणांवरच चालतो, त्यामुळे हा दोष दिसला तर नवल नाही.

आता माझ्या सर्वात आवडीचा भाग. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९६४ साली डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी पहिला प्लाझ्मा पडदा बनवला. तो टीव्हीसाठी नव्हता, प्लेटो नावाच्या संगणकीय शिक्षणव्यवस्थेसाठी होता. संगणकाची स्मृती त्या काळी फार महाग होती. मग पडद्यावर काय दिसतंय ते पडद्यानेच लक्षात ठेवलं तर? त्यासाठी त्यांनी इलेक्ट्रोड, म्हणजे वीज पोहोचवणाऱ्या तारा, वायूत उघडे न ठेवता विद्युतरोधक काचेआड ठेवले, आणि सगळी करामत याच थराची आहे.

दोन इलेक्ट्रोडना पुरेसा विद्युतदाब दिला की वायूचं आयनीभवन होतं, म्हणजे त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटून धन आयन मागे उरतात, आणि कप्पा पेटतो. इलेक्ट्रॉन धन बाजूकडे धावतात, पण समोर काच असल्याने त्यांना आत शिरता येत नाही, ते तिच्यावरच साचतात. धन आयन दुसऱ्या बाजूला साचतात. हा साचलेला प्रभार बाहेरून दिलेल्या दाबाच्या विरुद्ध काम करतो, म्हणून एक मायक्रोसेकंदही पुरा होत नाही तोच कप्पा स्वतःच स्वतःला विझवतो. प्रभार मात्र भिंतीवर तसाच राहतो. आता दाबाची दिशा उलटी करा. मघाशी विरोध करणारा प्रभार आता मदतीला येतो. समजा कप्पा पेटायला २३० व्होल्ट लागतात आणि आपण देतो फक्त १७०. रिकामा कप्पा त्यावर पेटत नाही. ज्याच्या भिंतीवर ९० व्होल्टइतका प्रभार आहे, त्याला एकूण २६० मिळतात आणि तो पेटतो, पुन्हा उलटा प्रभार साठवतो, दाब पुन्हा उलटला की, म्हणजे पुढच्या ठोक्याला, पुन्हा पेटतो. सगळ्या पडद्याला एकच दाब आलटून पालटून देत राहायचं. जे कप्पे एकदा पेटवले ते पेटत राहतात, बाकीचे काळे राहतात. प्रत्येक कप्प्यामागे वेगळा ट्रान्झिस्टर लागत नाही. इतकी साधी आणि इतकी सुंदर स्मृती दुसऱ्या कुठल्या पडद्यात मला सापडलेली नाही.

पण या स्मृतीला ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच कळतं. करडा रंग दाखवायचा कसा? एलसीडीतला स्फटिक अर्धा प्रकाश आत सोडू शकतो, प्लाझ्माला तसं करता येत नाही. म्हणून एका चित्राचा वेळ तुकड्यांत वाटतात. आपल्याकडच्या प्रक्षेपणात सेकंदाला ५० वेळा चित्र ताजं होतं, म्हणजे एका वेळेला २० मिलिसेकंद मिळतात. त्याचे आठ तुकडे करा आणि त्यांत १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ या प्रमाणात ठोके द्या. वाण्याकडे एवढीच आठ वजनं असली तरी तो १ पासून २५५ पर्यंत काहीही तोलू शकतो, तसं योग्य तुकड्यांत कप्पा पेटवून हवी ती तेजस्विता मिळते. बेरीज आपला डोळा करतो.

यात एक मेख आहे. १२७ साठी पहिले सात तुकडे पेटतात आणि आठवा विझलेला असतो. १२८ साठी नेमकं उलट. स्थिर चित्रात हा फरक जाणवत नाही. पण कॅमेरा गालावरून हळूच सरकतो तेव्हा डोळाही सरकतो, आणि शेजारच्या दोन कप्प्यांतले वेगवेगळ्या क्षणांचे तुकडे एकमेकांत मिसळून त्वचेवर नकाशातल्या समोच्च रेषांसारखे पट्टे उमटतात. त्यावर उपाय म्हणून मोठे तुकडे फोडून आठाचे दहा-बारा केले, म्हणजे एकच छटा अनेक प्रकारे जुळवता येते आणि त्यातली कमीत कमी उडी घेणारी निवडता येते. जाहिरातीतले ६०० हर्ट्झ ते हेच: ५० गुणिले १२, किंवा अमेरिकेसारख्या देशांत ६० गुणिले १०. सेकंदाला ६०० चित्रं दिसतात असा त्याचा अर्थ नाही. एलसीडीच्या १२० किंवा २४० हर्ट्झशी त्याची तुलना करणं ही ग्राहकाची शुद्ध दिशाभूल होती. क्रिकेटचा चेंडू प्लाझ्मावर स्पष्ट दिसतो याचं खरं कारण वेगळं आहे. त्याचं चित्र सतत धरून ठेवलेलं नसतं, ते छोट्या छोट्या चमकांत येऊन जातं.

प्रत्येक तुकड्यात ठोके देण्याआधी कोणते कप्पे पेटवायचे ते ओळीओळीने लिहावं लागतं. एका ओळीला एक मायक्रोसेकंद धरा. १०८० ओळींना जवळपास १.१ मिलिसेकंद लागतात, बारा तुकड्यांचे झाले १३. म्हणजे २० पैकी १३ मिलिसेकंद नुसतं लिहिण्यात गेले, उजळायला उरले सात. ७६८ ओळींच्या पॅनलला हेच लिहायला नऊच्या आसपास लागतात आणि अकराएक उरतात. शिवाय त्याचे कप्पे मोठे, त्यामुळे प्रकाशही जास्त. फुल एचडी प्लाझ्माला तेजासाठी झगडावं लागे त्याचं हे मोठं कारण.

मग फुल एचडी घ्यावा की नाही? ४२ इंची बऱ्याच संचांत १०२४ गुणिले ७६८ पिक्सेल असतात. पडदा रुंद असूनही आडवे पिक्सेल कमी, म्हणून प्रत्येक पिक्सेल आडवा ताणलेला असतो. ७२० च्या वर ओळी आहेत म्हणून त्यालाही एचडीचा शिक्का मिळे. निरोगी डोळ्याला साधारण एक कलाएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, तपशील वेगळा ओळखता येतो. त्यावरून हिशेब केला तर ४२ इंची पडद्यावरच्या ७६८ ओळी सुमारे २.३ मीटरवरून एकमेकींत मिसळतात, ५० इंचीवरच्या २.८ मीटरवरून. आपल्या हॉलमधला सोफा ४२ इंचीपासून आठ फुटांवर असेल तर १०८० ओळींसाठी जास्त पैसे मोजून डोळ्याला काही मिळणार नाही. पाच-सहा फुटांवर बसणार असाल तर फरक नक्की दिसेल.

त्याहून मोठा फरक पडतो काळ्या रंगाने. कप्पा वेळेवर पेटायचा तर आत थोडे मोकळे इलेक्ट्रॉन तयार असावे लागतात. म्हणून सगळ्याच कप्प्यांना, अगदी काळ्या राहायच्या कप्प्यांनाही, अधूनमधून एक हलकी ठिणगी द्यावी लागते. तिचा मंद उजेड म्हणजे प्लाझ्माचा ‘काळा’. पायोनियरच्या कुरो संचांचं नाव झालं ते हा उजेड फार खाली आणल्यामुळे. तेज कॅन्डेलात मोजतात; पांढरा १०० कॅन्डेला आणि काळा ०.०१ असेल तर कॉन्ट्रास्ट १०,०००:१. पांढरा तसाच ठेवून काळा ०.००१ केला की तोच १,००,०००:१. म्हणजे जाहिरातीतला प्रचंड आकडा छेदातल्या इवल्याशा संख्येवर उभा असतो, आणि तोही पूर्ण अंधारात मोजलेला. बाल्कनीतून ऊन येणाऱ्या खोलीत हा आकडा निरर्थक आहे. तिथे फिकट रंगाचे फॉस्फर बाहेरचा प्रकाश परत फेकतात आणि चित्र धुतल्यासारखं दिसतं. अशा खोलीसाठी प्लाझ्मा घेऊच नये. तुमची खोली अंधारी होत असेल तर संच दाखवणाऱ्याला दिवे बंद करायला सांगा, पूर्ण काळं चित्र लावा, डोळे सरावू द्या आणि मग पडद्याची कड भिंतीपासून वेगळी दिसते का ते बघा. वापराने कप्प्यातल्या विद्युतरोधक काचेवरचा मॅग्नेशियम ऑक्साइडचा संरक्षक थर बदलतो, लागणारे दाब बदलतात, त्यामुळे जुन्या संचात हे तपासणं अधिकच गरजेचं.

यानंतर डाग. फॉस्फर वापराने मंदावतो, निळा सर्वात आधी. उत्पादक १,००,००० तासांनी तेज निम्मं होईल असं सांगत. रोज सहा तास धरले तर ती ४५ वर्षं झाली, पण सगळा पडदा सारखा झिजला तरच. आपल्या वृत्तवाहिन्यांवर तळाची पट्टी आणि कोपऱ्यातलं बोधचिन्ह दिवसभर हलत नाही. त्या जागेचे कप्पे इतरांपेक्षा वेगळ्या वेगाने म्हातारे होतात आणि पट्टीचा ठसा कायमचा राहतो. पेन ड्राइव्हमध्ये करड्या, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांची कोरी चित्रं घेऊन जा आणि पडदाभर दाखवा. पुसट सावली असेल आणि थोडा वेळ सिनेमा चालवल्यावर ती जात असेल तर काळजी नाही. राहिली तर तो झिजलेला फॉस्फर आहे आणि त्यावर इलाज नाही.

वीज बेताची लागत नाही. मागच्या बाजूला लिहिलेला कमाल आकडा ३०० वॉटच्या पुढेही असतो, मात्र खर्च चित्राप्रमाणे बदलतो, कारण प्रकाश हवा तिथेच ठोके लागतात. अख्खा पडदा पांढरा झाला की संच स्वतःच ठोके कमी करतो, म्हणून बर्फाची दृश्यं थोडी मंद दिसतात. तो बिघाड नाही. जोडणीत एचडीएमआय आहे ना, आणि तिथून १०८० ओळींचा संकेत स्वीकारला जातो ना, हे पाहून घ्या.

उंचावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पॅनलच्या आतला दाब बाहेरच्या वातावरणाच्या साधारण दोन तृतीयांश असतो. बाहेरची हवा दोन काचांना एकमेकींवर दाबून धरते. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, बाहेरचा दाबही तेवढाच उरतो, काचांची पकड सुटते आणि ठोक्यांच्या तालावर पॅनल गुणगुणायला लागतं.

संच सुरू करताना टकटक करून बंद पडत असेल तर बहुधा पॉवर सप्लाय, किंवा पॅनलला ठोके देणारा वाय-सस वा झेड-सस बोर्ड गेलेला असतो. बोर्ड बदलता येतो, म्हणून तो आधी कुठे मिळतो का ते विचारून मगच भाव करावा. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ कायम दिसत असेल, तर दोष बहुधा कप्प्यांपर्यंत संकेत नेणाऱ्या, पॅनलला घट्ट चिकटवलेल्या पट्टीत असतो. ती दुरुस्त करून देणारा कारागीर सहसा मिळत नाही, तेव्हा तो संच कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.