लेकरांचं वजन बसतं कुठे?

सिग्नल लाल होतो. वेग कमी होत जातो, एक पाय जमिनीला टेकतो आणि नेमका त्याच क्षणी मागे बसलेल्या चार वर्षांच्या मुलाला रस्त्याकडेला कुत्रा दिसतो. ते बघायला वाकतं. त्याचं कमरेवरचं अंग आणि डोकं मिळून दहा किलो धरू आणि ते वीस सेंटिमीटर बाजूला गेलं असं समजू. हँडलच्या एका टोकाला कुणी अचानक सहा-सात किलोची पिशवी अडकवावी, तेवढा हिसका सायकलला बसतो. सायकल चालत असती तर हँडल जरासं वळवून तो सावरता आला असता. थांबलेल्या सायकलीत मात्र सगळं तुमच्या एका पायावर आणि कमरेच्या जोरावर येतं.

लहान मुलांना नेण्यासाठी इलेक्ट्रिक कार्गो सायकल, म्हणजे ओझं वाहायला बनवलेली आणि मोटरची साथ असलेली सायकल, निवडायला निघालेली माणसं पहिला प्रश्न विचारतात तो मोटरचा: किती वॉटची? दुसरा बॅटरीचा: किती किलोमीटर जाते? माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. मुलांचं वजन जमिनीपासून किती उंचीवर आणि कोणत्या चाकाच्या जवळ बसतं?

साध्या सायकलच्या कॅरिअरवर सीट लावली, तर मुलाच्या वजनाचा मध्य जमिनीपासून साधारण एक मीटर दहा सेंटिमीटरवर येतो. मागचं कॅरिअर लांब आणि चाक वीस इंची असलेल्या लाँगटेल सायकलीत तो नव्वद सेंटिमीटरच्या आसपास उतरतो. हँडल आणि पुढचं चाक यांच्यामध्ये खोका असलेल्या सायकलीत मुलं जवळजवळ जमिनीलगत बसतात, तिथे ही उंची साठ सेंटिमीटरपर्यंत खाली येते. आता सायकल दहा अंश कलली असं समजा. पहिल्या प्रकारात मुलाचं वजन चाकांच्या रेषेबाहेर एकोणीस सेंटिमीटर जातं, शेवटच्यात दहा. म्हणजे तीच मुलं, तेवढंच वजन, पण सावरायला लागणारा जोर जवळपास निम्मा.

मग उंच भार वाईटच, असं मात्र नाही. तळहातावर पेन्सिल उभी करून बघा आणि मग लांब दांड्याचा झाडू. झाडू सोपा जातो, कारण उंच वस्तू सावकाश पडते आणि हाताला सावरायला वेळ मिळतो. चालत्या सायकलचंही तसंच आहे. सायकल ज्या बाजूला पडू लागते, त्या बाजूला आपण नकळत हँडल वळवतो आणि चाकं पुन्हा वजनाखाली आणतो. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे सायकल उभी राहते, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. 2011 साली नेदरलँड्सच्या डेल्फ्ट आणि अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी मुद्दाम अशी छोटी सायकल बांधली, जिच्यात उलट फिरणारी जास्तीची चाकं लावून हा भोवऱ्याचा परिणाम पुसून टाकला होता. ढकलून सोडली तर तीही माणसाशिवाय स्वतःचा तोल सांभाळत गेली. वजन कुठे ठेवलंय, याला त्या रचनेत फार मोठं महत्त्व होतं. मला हा प्रयोग अतिशय आवडतो. दीडशे वर्षं रोज वापरातली वस्तू, आणि तिच्याबद्दल अजून शिकण्यासारखं शिल्लक होतं!

पुढे खोका असलेल्या दोनचाकी सायकलचं हे रूप 1920 च्या दशकात डेन्मार्कमध्ये माल नेण्यासाठी आलं. तिचं पुढचं चाक हँडलपासून दूर असतं, मध्ये एक दांडा जोडलेला असतो. पहिल्यांदा बसणारा माणूस ते चाक शोधायला खाली बघतो आणि सायकल डुलायला लागते. नजर लांब रस्त्यावर ठेवली की बहुतेकांना थोड्या सरावात जमतं. हा सराव मुलांशिवायच करायचा.

तीनचाकी कार्गो सायकल मात्र थांबल्यावर पडत नाही. म्हणून ती सर्वांत सुरक्षित, असा समज होतो, आणि इथे फसगत होते. दुचाकी वळताना आत झुकते, तीनचाकी झुकू शकत नाही. ताशी 15 किलोमीटर वेगाने पाच मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर वजनाच्या साधारण पस्तीस टक्के एवढा जोर बाहेरच्या बाजूला ओढतो. पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली बरीच वाहनं एवढ्यात आतलं चाक उचलतात. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. तीनचाकी घ्यायचीच असेल तर वळणापूर्वी वेग उतरवण्याची सवय हवी, नाहीतर वळणावर झुकणारी बांधणी निवडावी.

आता चढ. सायकल, चालवणारा आणि दोन मुलं मिळून 160 किलो धरू. सहा टक्के चढावर ताशी दहा किलोमीटरने जायला सुमारे 300 वॉट लागतात. धडधाकट माणूस दमछाक न होता शंभरेक वॉट देतो, उरलेले दोनशे मोटरने द्यायचे. युरोपीय संघात पॅडलला साथ देणाऱ्या मोटरची सलग चालण्याची क्षमता 250 वॉट आणि साथ सुटण्याचा वेग ताशी 25 किलोमीटर ठरलेला आहे. तेवढं पुरतं. फरक पडतो तो मोटर कुठे आहे याचा. चाकातल्या मोटरची गती चाकाच्या गतीशी बांधलेली असते, म्हणून हळू चढताना तिचीही गती मंदावते आणि विजेचा मोठा हिस्सा नुसत्या उष्णतेत जातो. पॅडलपाशी बसवलेली मोटर चेन आणि गिअरमधून जोर देते. गिअर हलका केला की मोटर तिच्या सोयीच्या गतीने फिरत राहते. सपाट भागात राहणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही.

मोटरला तुमचा जोर कसा कळतो, हेही विचारून घ्या. काही सायकली फक्त पॅडल फिरतंय की नाही एवढंच ओळखतात. त्यांत मोटर क्षणभर उशिरा आणि मग एकदम ओढते. पायाचा दाब मोजणारी यंत्रणा असेल तर साथ दाबाप्रमाणे वाढते. मुलं बसलेली असताना, गर्दीत, जागेवरून निघताना हा फरक फार मोठा असतो.

बॅटरीची चिंता गरजेपेक्षा जास्त केली जाते. 160 किलो पन्नास मीटर उंच चढवायला मुळात 22 वॉट-तासच लागतात, आणि 500 वॉट-तासांची बॅटरी नेहमीची आहे. किती लांब जाते यापेक्षा ती प्रमाणित आहे ना आणि तिच्यासोबतचाच चार्जर वापरला जातोय ना, हे बघा.

तोच पन्नास मीटरचा उतार उतरताना सगळी ऊर्जा परत समोर येते. सुमारे 78 हजार जूल, म्हणजे एक लिटर पाणी जवळपास एकोणीस अंशांनी तापवण्याइतकी उष्णता. थोडी हवा शोषून घेते, बाकीची ब्रेकच्या पातळ पोलादी चकत्यांना झेलावी लागते. म्हणून मोठ्या चकत्यांचे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक ही चैन समजू नये. वेगाचंही गणित पाहा. समोर काही आलं, भानावर यायला एक सेकंद गेला आणि मग बऱ्यापैकी जोराने ब्रेक लागला, तर ताशी 25 च्या वेगाला थांबायला तेरा मीटर लागतात, 15 ला साडेसहा.

एका वर्षाच्या आतलं बाळ सायकलवर नेऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ पाव भाग असतं आणि मान अजून भरलेली नसते. खड्ड्यातला प्रत्येक दणका त्या मानेवर जातो. मोठ्या मुलांना धोका वेगळा: लाँगटेलवर लोंबकळणारा पाय आऱ्यांत जातो. पाय ठेवायची पट्टी आणि चाकाला दोन्ही बाजूंनी झाकण नसेल, तर ती सायकल मुलांसाठी नाहीच, असं मी म्हणेन.

सांगाडाही पारखायला हवा. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसं प्रत्येक दणक्याने वेल्डिंगचे सांधे थकतात. फेब्रुवारी 2024 मध्ये नेदरलँड्सच्या ग्राहक सुरक्षा प्राधिकरणाने एका मोठ्या उत्पादकाला फ्रेम तुटण्याच्या धोक्यामुळे विक्री थांबवायला लावली होती. उत्पादकाने दिलेल्या एकूण वजनमर्यादेत सायकल आणि चालवणारा हेही धरलेले असतात. 200 किलो लिहिलं असेल, सायकल 40 आणि तुम्ही 75, तर मुलं, सीट आणि दप्तरं मिळून उरतात 85. मुलं वाढणार, हे धरूनच तो आकडा वाचा.

चाचणीसाठी वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन सोबत न्या आणि ते अर्धेच भरा. हिंदकळणारं पाणी चुळबुळ्या मुलासारखंच वागतं. मुलांच्या जागी ते पट्ट्याने घट्ट बांधा. आधी सायकल स्टँडवरून काढा आणि पुन्हा लावा, एकट्याने, तीन वेळा. स्टँड रुंद असेल आणि आपोआप मिटत नसेल, तर कॅन काढताना सायकल हलणार नाही. मग निघा, दहा पावलांवर थांबा, पाय टेका, पुन्हा निघा. घरात जो कमी उंचीचा माणूस ती चालवणार असेल, त्यालाही हे सगळं करायला लावा.