पर्यावरणपूरक परसबाग (नाशिक)

रासायनिक खते व विषारी कीडनाशके टाळून, घरातला ओला कचरा, पालापाचोळा आणि वापरलेले पाणी यांवर जोपासलेल्या घरगुती बागेस पर्यावरणपूरक परसबाग म्हणतात. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. मोरीचे पाणी अळू, केळी व कर्दळीच्या वाफ्यात सोडण्याची रीत जुन्या घरांत होतीच. नाशिकमध्ये वाड्यांच्या जागी इमारती आल्या तसा परस गच्चीवर चढला, मोरीचे पाणी मात्र गटाराला मिळाले.

येथे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर पडतो आणि उरलेले आठ महिने बाग नळाच्या, म्हणजे बहुतांशी गंगापूर धरणाच्या पाण्यावर जगते. त्यामुळे कुंडीतील मातीवर सुक्या पाल्याचे दोन-तीन इंच आच्छादन घालणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी पद्धत ठरते. ठिबकच्या नळ्या व तोट्या द्राक्षपट्ट्यामुळे शहरात सहज मिळतात. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी थेट झाडांना चालते. साबणाचे पाणी पालेभाज्यांना घालू नये.

गच्चीवर मातीचे ओझे कमी करण्यासाठी वाफ्याच्या तळाशी रसवंतीवरची उसाची चिपाडे आणि नारळाच्या शेंड्या भरतात. ताज्या चिपाडांतील गोडव्याला मुंग्या लागतात, शिवाय ती कुजताना मातीतील नत्र ओढून घेतात व रोपे पिवळी पडतात. म्हणून ती धुऊन, वाळवून आणि शेणाच्या पाण्यात भिजवून मगच वापरावीत.

खताच्या टोपलीत ओल्या कचऱ्याच्या दुप्पट आकारमानाचा सुका पाला लागतो. मूठभर मिश्रण दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब निघाला तर ओल योग्य. पाणी गळू लागले तर टोपलीला वास येणार हे नक्की. पावसाळ्यात सुका पाला मिळत नाही, तेव्हा फेब्रुवारी-मार्चची पानगळ पोत्यांत भरून ठेवणे शहाणपणाचे. दसऱ्याचे झेंडू आणि घरचे निर्माल्यही, दोरे व प्लास्टिक काढून, त्यातच जिरते.

नाशिकची खास अडचण फवारणीची आहे. केवडा आणि भुरी हे द्राक्षावरचे रोग येथे घरोघरी तोंडपाठ असल्याने, मळ्यात उरलेले बुरशीनाशक गुलाबावर मारण्याचा मोह होतो. एकराचे प्रमाण मग झाकणाच्या अंदाजाने कुंडीत उतरते. मोरचूद (तांब्याचा क्षार) व कळीचा चुना यांचे बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक सेंद्रिय शेतीत मर्यादेत चालत असले, तरी त्यातील तांबे कुजत नाही. शेतात ते पसरते, कुंडीत साचत जाते आणि गांडुळांना बाधते. त्यापेक्षा निंबोळी अर्क बरा: पावसाच्या तोंडावर झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून, वाळवून ठेवाव्यात, एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम भुकटी रात्रभर भिजवून फडक्याने गाळावी आणि मधमाश्या परतल्यावर, सायंकाळी फवारावी.

मावा (रोपांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसताच हा अर्कही फवारू नये. माव्याच्या गर्दीत फिरणारी काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिलासारखी अळी पुष्कळदा कीड समजून चिरडली जाते. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी असते आणि मावाच खात असते.