पूर्वप्रतिरक्षा (डासवाहित विषाणूंविरुद्धची)

डासांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूचा संसर्ग होऊन गेला, किंवा त्याची लस घेतली, की शरीरात काही प्रतिरक्षा शिल्लक राहते. त्याच कुळातील दुसरा विषाणू पुढे शरीरात शिरल्यास ती आजार सौम्य करते, तशी क्वचित गंभीरही करते. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल व पीतज्वर यांचे विषाणू फ्लॅव्हिव्हायरस गटातील आहेत. डेंग्यूचे चार उपप्रकार असून एकाचा संसर्ग त्या उपप्रकारापासून बहुधा आयुष्यभर संरक्षण देतो. इतर तिघांपासूनचे संरक्षण मात्र काही महिन्यांतच ओसरते.

जुने प्रतिपिंड (संसर्गानंतर रक्तात तयार होणारी विषाणूरोधक प्रथिने, म्हणजे अँटिबॉडी) नव्या उपप्रकाराला चिकटतात, पण पुरेशा संख्येने नसल्यास त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत. विषाणू व प्रतिपिंड यांचा हा जोड मोनोसाइट व महाभक्षी या प्रतिरक्षा पेशींवरील एफसी ग्राहींना (प्रतिपिंड पकडणाऱ्या रेणूंना) लागतो आणि विषाणूला पेशीत सहज प्रवेश मिळतो. यास प्रतिपिंडजन्य संसर्गवृद्धी म्हणतात.

या कल्पनेचे जनकत्व साधारणपणे अमेरिकी विषाणुतज्ज्ञ स्कॉट हॉल्स्टेड यांना दिले जाते. बँकॉकमधील बालरुग्णांच्या अभ्यासातून त्यांनी १९६०-७० च्या दशकांत ती डेंग्यूसाठी मांडली. तथापि प्रतिपिंडांच्या उपस्थितीत या गटातील विषाणू पेशींमध्ये अधिक वाढतात, हे ऑस्ट्रेलियात रॉइल हॉक्स यांनी १९६४ मध्येच नोंदवले होते. याउलट लिऑन रोझेन प्रभृती संशोधकांनी विषाणूची स्वतःची तीव्रता हेच गंभीर डेंग्यूचे मुख्य कारण मानले. पेरूतील इकिटोस येथे १९९५ मध्ये डेंग्यूच्या क्रमांक दोनच्या उपप्रकाराची साथ आली. तेथील अनेकांना पहिला उपप्रकार पूर्वी होऊन गेला होता, तरी गंभीर आजार दिसला नाही. तो विषाणू सौम्य मानल्या जाणाऱ्या ‘अमेरिकी’ वाणाचा होता. याउलट क्यूबामध्ये १९७७ साली पहिला उपप्रकार आला व १९८१ साली दुसरा. त्या दुसऱ्या साथीत सुमारे ३,४४,००० रुग्ण व १५८ मृत्यू नोंदले गेले. सँटियागो दे क्यूबा येथील १९९७ च्या साथीत जुना संसर्ग वीस वर्षांपूर्वीचा असलेले प्रौढ गंभीर आजारी पडले. प्रतिपिंड ओसरण्यास लागणारा काळ त्यामुळे महत्त्वाचा ठरला. आईकडून मिळालेले प्रतिपिंड घटत असताना, म्हणजे साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या वयात, बाळाचा पहिलाच डेंग्यूही गंभीर होतो, हा या मताला मोठा आधार आहे. निकाराग्वातील मुलांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात प्रतिपिंडांची पातळी विशिष्ट मध्यम पट्ट्यात असताना धोका सर्वाधिक व उंच पातळीला संरक्षण, असे दिसले. दोन्ही मते परस्परांना सर्वस्वी खोडत नाहीत; पण आज पुराव्याचे वजन हॉल्स्टेड यांच्या बाजूला अधिक आहे.

संसर्गवृद्धी हा सर्व फ्लॅव्हिव्हायरसांचा नियम नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील प्रयोगांत वेस्ट नाईल व जपानी मेंदूज्वर यांनी माकडांमध्ये एकमेकांपासून संरक्षण दिले. डेंग्यू होऊन गेलेल्यांना झिकापासून काहीसे संरक्षण मिळते, मात्र झिकानंतर डेंग्यूच्या क्रमांक दोनच्या उपप्रकाराचा धोका वाढतो, असे निकाराग्वातील २०२० च्या निष्कर्षांवरून दिसते. पुण्याच्या संस्थेने १९५० च्या दशकाच्या आरंभी भारतीय रक्तनमुन्यांत झिकाचे प्रतिपिंड नोंदवले होते. ती त्या काळातील झिकाची खूण की डेंग्यू वा अन्य विषाणूंच्या प्रतिपिंडांची परस्परप्रतिक्रिया, याविषयी मतभेद आहेत. दुसरी शक्यता अधिक सयुक्तिक वाटते. महाराष्ट्रातील पहिला झिकारुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला.

मराठवाडा : पाणी चार-आठ दिवसांनी, काही वेळा त्याहूनही उशिरा येत असल्याने घरोघरी रांजण, हौद, ड्रम व गच्चीवरच्या टाक्या भरून ठेवाव्या लागतात. एडिस इजिप्ती डास अशाच साठवणीत वाढतो. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईत ‘कोरडा दिवस पाळा’ एवढे सांगून भागत नाही. भांडे झाकणे व गप्पी मासे सोडणे हेच जमण्याजोगे असते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय रक्तपाहणीत पश्चिम विभागातील ५ ते ४५ वर्षे वयाच्या सुमारे ६२ टक्के लोकांत डेंग्यूचे प्रतिपिंड आढळले. या विभागात महाराष्ट्रही होता. म्हणजे प्रौढांमधील बराच डेंग्यू हा दुसरा किंवा तिसरा असण्याची शक्यता आहे. भातशेती मर्यादित असल्याने जपानी मेंदूज्वराचा भार येथे पूर्व विदर्भापेक्षा कमी आहे.

चिकुनगुनियाचा विषाणू अल्फाव्हायरस या वेगळ्या गटातील असल्याने या जुळणीबाहेर राहतो. मराठवाड्याच्या सीमेवरील बार्शी येथे १९७३ मध्ये त्याची मोठी साथ आली होती. २००६ मध्ये तो परतला तेव्हा वाण आशियाई नव्हता, आफ्रिकी होता. डेंग्यूसारखे अनेक उपप्रकार नसून त्याचा सीरमप्रकार एकच असल्याने एकदाचा संसर्ग दीर्घकाळ पुरतो.

निदानावरही पूर्वप्रतिरक्षेचा परिणाम होतो. दुसऱ्या संसर्गात आयजीएम (संसर्गाच्या आरंभी तयार होणारे) प्रतिपिंड कमी, कधी अजिबात नसतात आणि आयजीजी (दीर्घकाळ टिकणारे) झपाट्याने वाढतात. त्यामुळे आयजीएम चाचणी नकारार्थी आली म्हणून डेंग्यू नाही असे ठरत नाही. पहिल्या काही दिवसांत रक्तातील विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस१ चाचणी अधिक उपयोगी पडते, परंतु दुसऱ्या संसर्गात तीही लवकर नकारार्थी होऊ शकते. ताप उतरताना पोटदुखी, सतत उलट्या किंवा रक्तस्राव दिसल्यास अहवालाची वाट न पाहता रुग्णाला दाखल करावे.