पार्श्वभूमी : वंश तितके उंबरठे

ऑनलाइन फँटसी गेममध्ये कोणत्या वंशाचा (म्हणजे मानव, एल्फ, ऑर्क अशा पात्रप्रकाराचा) सुरुवातीचा प्रदेश, म्हणजे नवे पात्र जिथे जन्मते तो भाग, सरस, हा वाद बहुधा निसर्गदृश्ये, संगीत आणि क्वेस्ट (खेळात सोपवलेल्या कामगिऱ्या) यांवर रंगतो. या प्रदेशांचा इतिहास पाहिला तर मात्र त्यांच्यातला निर्णायक फरक अंतराचा होता, म्हणजे आपल्या मित्रापासून आपण किती लांब जन्मतो याचा होता, असे दिसते.

१९९७ साली आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये सुरुवातीला सगळेच मानव होते आणि खेळाडू फक्त शहर निवडत असे. वंश आणि जन्मगाव यांची गाठ घट्ट बांधली ती मार्च १९९९ मधल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने. त्यातली वुड एल्फांची केलेथिन नगरी झाडांवरच्या मचाणांवर वसलेली होती आणि त्या मचाणांना कठडे नव्हते. त्यामुळे नवख्यांचा पहिला मृत्यू पुष्कळदा कोणा राक्षसाच्या हातून नव्हे, तर पाय घसरून होई. मानवांना रात्री फारच कमी दिसे, डार्क एल्फांना अंधाराची अडचण नसे आणि शत्रुवंशाच्या शहराच्या वेशीवर पहारेकरीच अंगावर धावून येत. निरनिराळ्या खंडांवर जन्मलेल्या दोन मित्रांना भेटायचे तर धक्क्यावर जहाजाची वाट पाहत बसावे लागे.

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये आठ वंशांसाठी सहा प्रदेश होते, कारण ड्वार्फ व नोम आणि ऑर्क व ट्रोल या जोड्यांना एकच अंगण दिले होते. मृतवंशीय (अनडेड) पात्र डेथनेल गावातल्या तळघरात जागे होई, पण त्याला ऑर्कांच्या राजधानीकडे नेणारे झेपेलिन, म्हणजे हवाईजहाज, अंडरसिटी या मृतवंशीयांच्या राजधानीबाहेरच उभे राही. दुसऱ्या वंशाच्या मित्रांना गाठताना नाइट एल्फाचे मात्र हाल होते : टेलड्रासिल या महावृक्षावरून खाली उतरायचे, ऑबरडीनहून बोटीने मेनेथिल बंदर गाठायचे आणि मग दलदलीतल्या, आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या लेव्हलच्या मगरींना चुकवत आयर्नफोर्ज या ड्वार्फांच्या राजधानीकडे धावत सुटायचे. सौंदर्यात टेलड्रासिलला तोड नव्हती, हे मान्य. पण तुलना करताना ही धाव हिशेबात धरली नाही तर ती अपुरीच राहते.

पुढे कथा वरचढ झाली. याच गेममध्ये २००७ मध्ये ब्लड एल्फ आणि ड्रेनाय या नव्या वंशांना स्वतंत्र प्रदेश मिळाले. डिसेंबर २०१० मधल्या ‘कॅटॅक्लिझम’ या विस्ताराने (गेमला नंतर जोडलेल्या भागाने) वॉर्गेनांचे, म्हणजे लांडगामानवांचे, गिल्नियस आणि गॉब्लिनांचे केझान आणले, तेव्हा फेझिंग या तंत्रामुळे खेळाडूच्या प्रगतीनुसार भोवतालचे जगच पालटू लागले. ही रचना प्रभावी होती, पण तिने खेळाडूला एकटे पाडले. मित्र दुसऱ्या वंशाचा असेल तर हा भाग संपेपर्यंत त्याची सोबत विसरायची, आणि हे एकटेपण माझ्या मते जुन्या जहाजाच्या प्रतीक्षेपेक्षाही जाचक होते, कारण धक्क्यावर निदान इतर उतारू तरी असत.

अखेर नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘शॅडोलँड्स’ या विस्तारासोबत पहिल्या दहा लेव्हलसाठी ‘एक्झाइल्स रीच’ हे सर्व वंशांसाठी सामाईक बेट आले. पहिल्यांदाच खेळणाऱ्याला तिथूनच सुरुवात करावी लागते. आपल्या वंशाच्या जुन्या प्रदेशात जन्मण्याची मुभा उरली आहे ती जाणत्या खेळाडूंना, म्हणजे तो वाद घालणाऱ्यांनाच.